खाजण खारेच राहू द्या
समुद्र रविवारनिमित्त चिंतन



जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा 'समुद्र रविवार' म्हणून पाळते. खलाशी, मच्छीमार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी या दिवशी ठिकठिकाणी प्रार्थना केली जाते. गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही ही सूचना वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली. बाहेर पडताना एक आजी म्हणाल्या, "फादर, विठ्ठलवाडीला कुठला आलाय समुद्र? आम्ही जालन्याकडची माणसं. आम्ही समुद्र पाहिला तो चौपाटीवर, भेळ खाताना!"

आजींचे म्हणणे वरवर पाहता बरोबर आहे. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे नगर, जालना या भागांतून पोटापाण्यासाठी इकडे आली. काही गोव्याची, काही वसईची आहेत. दोन-चार मुले जहाजावर नोकरीला आहेत. बाकी आपण सारे लोकलने जाणारे-येणारे लोक. आपला समुद्राशी संबंध शुक्रवारच्या मासळीपुरता!

परंतु आजींना उत्तर देता देता आमच्या लक्षात आले, की समुद्र आपल्यापासून दूर नाही. रेल्वे रुळांच्या पलीकडे जो काळा ओहोळ आपण नाकाला रुमाल लावून ओलांडतो, तो नाला नसून वालधुनी नदी आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरात ती उगम पावते, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असा प्रवास करून कल्याणला उल्हास नदीच्या खाडीस मिळते. तेथून पुढे उल्हासचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो, आणि ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ती ठाणे खाडीशीही जोडलेली आहे. म्हणजे आपण आपल्या मोरीत जे ओततो, ते आज ना उद्या समुद्रात पोहोचते.

आणखी एक गोष्ट. आपले कल्याण हे जुने बंदर आहे. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा एक ख्रिस्ती प्रवासी व्यापारी होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की 'कल्याना' या गावी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांच्यासाठी पर्शियाहून नेमलेला बिशपही आहे. ही 'कल्याना' म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. ख्रिस्ताचे नाव या परिसरात पहिल्यांदा आले ते रेल्वेने नव्हे, तर याच खाडीतून, गलबतातून आले. ज्या पाण्याने आपल्याला श्रद्धा आणून दिली, त्या पाण्याला आपण परत काय देत आहोत, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

मंदिरातून निघालेली नदी

आजच्या चिंतनासाठी आम्ही यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील सत्तेचाळिसावा अध्याय निवडला आहे. ९ नोव्हेंबरला, लॅटरन महामंदिराच्या सणाच्या दिवशी, हे वाचन आपण ऐकतो. संदेष्ट्याला दृष्टान्त होतो. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याची एक धार निघते. हजार हात अंतरावर ते पाणी घोट्याएवढे असते, आणखी हजार हातांवर गुडघ्याएवढे, पुढे कमरेएवढे आणि त्यानंतर पोहूनच जावे लागेल अशी मोठी नदी. ती मृत समुद्राला जाऊन मिळते आणि ते मेलेले पाणी जिवंत होते. कोळी किनाऱ्यावर जाळी वाळत घालू लागतात. दोन्ही तीरांवर झाडे उभी राहतात. त्यांची फळे अन्नासाठी आणि पाने औषधासाठी असतात.

आता आपली वालधुनी पाहा. तीही एका मंदिराजवळून वाहते. अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर इ. स. १०६० मधील, शिलाहार राजांच्या काळातील. ज्या पूर्वजांनी ते नदीकाठी बांधले, त्यांनी नदीला पवित्र मानले होते. यहेज्केलची नदी मंदिरापासून जितकी दूर जाते तितकी खोल होते. आमची नदी मंदिरापासून जितकी दूर जाते तितकी मरत जाते. संदेष्ट्याने हजार हजार हातांवर पाणी मोजले, आपण स्टेशनागणिक मोजू शकतो. अंबरनाथला रसायनांचा वास, उल्हासनगरला कपड्याच्या रंगाचा तवंग आणि विठ्ठलवाडीला पोहोचेपर्यंत त्यात आपणा सर्वांचे सांडपाणी.

हे फक्त डोळ्यांना खुपणारे दृश्य नाही. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत बेकायदा सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरमधील शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासामुळे इस्पितळात न्यावे लागले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था यांना कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. नदीला आवाज नाही, म्हणून कोणाला तरी न्यायालयात तिच्या वतीने बोलावे लागले.

दलदल का सोडून दिली?

यहेज्केलच्या दृष्टान्तात एक छोटे वाक्य आहे. आम्ही ते अनेक वर्षे वाचत होतो, पण त्यावर कधी थांबलो नाही. सारे पाणी गोडे होते, सारे काही नवे होते, परंतु दलदलीच्या आणि पाणथळ जागा मात्र गोड्या होत नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातात. पूर्वी आम्हांला वाटे, की हा शापाचा उरलेला तुकडा असावा. आता वाटते, की ती परमेश्वराची काळजी आहे. मिठावाचून अन्नाला चव नाही, आणि लेवीय ग्रंथाप्रमाणे मिठावाचून अर्पणही पूर्ण नाही. सारी सृष्टी बरी करताना परमेश्वर दलदलीवर भराव टाकत नाही. तो दलदलीला दलदल राहू देतो.

आणि आपण? आपण खाजणाला 'पडीक जागा' म्हणतो. जिथे डेब्रिजचा डंपर रिकामा करता येतो ती जागा म्हणजे खाडी, असा आपला समज आहे. म्हणून त्या चिखलात परमेश्वराने काय ठेवले आहे, ते आधी पाहू या.

ठाण्यापासून पुढे खाडीच्या दोन्ही अंगांना जी हिरवी किनार दिसते, ती कांदळवने. त्यांत तिवर आहे, चिप्पी आहे, मारांडी आहे. या झाडांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते, मुळे वर येऊन श्वास घेतात. तिवर खारे पाणी पिते आणि नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर ते खारट लागते. काही जातींत बी झाडावरच रुजते आणि मग आईच्या अंगावरून उतरल्यासारखे ते रोपटे चिखलात पडते. या मुळांच्या जाळीत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात, निवट्या चिखलावर उड्या मारतात. आपण बाजारात जी मासळी घेतो, तिच्यातल्या कितीतरी जातींचे बालपण अशाच चिखलात गेलेले असते. शिवाय हे चिखल कर्बवायूतला कर्ब शेकडो वर्षे पोटात दाबून ठेवतात आणि भरतीची, वादळाची धार बोथट करतात.

२६ जुलै २००५ आठवते ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या भागातही घराघरांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पावसाचे पाणी आणि भरतीचे पाणी एकाच वेळी आले, की त्याला पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे खाजण. आपण खाजण बुजवले, की पाणी आपल्या घरात जागा शोधते.

चांगली गोष्ट अशी, की उशिरा का होईना, कायदा जागा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवने तोडण्यावर आणि तेथे भराव टाकण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे सांगितले. २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला 'रामसर' या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत स्थान मिळाले. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा आपल्या राज्याचा कांदळवृक्ष ठरला. जिला आपण पडीक म्हणत होतो, त्या जागेचे झाड आज राज्याचे मानचिन्ह आहे.

एकशे त्रेपन्न मासे

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटल म्हणजे 'द्रव्य' आणि 'गुण', 'कारण' आणि 'हेतू' अशा शब्दांचा डोंगर वाटे. पुढे कधीतरी वाचनात आले, की हाच ॲरिस्टॉटल सुमारे तेविसशे वर्षांपूर्वी लेस्बॉस बेटावर राहिला होता आणि तेथील उथळ खाडीतले मासे, माखले, शिंपले यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला. तो कोळ्यांना प्रश्न विचारी, मासे कापून पाही. शार्कच्या जातीतल्या एका लहान माशाची पिल्ले आईच्या उदरात नाळेसारख्या बंधाने जोडलेली असतात, असे त्याने लिहिले. फार काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १८४२ मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते खरे असल्याचे दाखवून दिले. आम्हां धर्मगुरूंना हा धडा आहे. मोठे विचार सांगणाऱ्याने आधी चिखलात उतरावे आणि कोळ्याचे ऐकावे.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात. हाच आकडा का? संत जेरोम यांनी एक सुंदर अर्थ सांगितला आहे, आणि तोही यहेज्केलच्या याच सत्तेचाळिसाव्या अध्यायावर लिहिताना. ते म्हणतात, की प्राणिशास्त्राच्या लेखकांच्या मते माशांच्या जाती एकशे त्रेपन्न आहेत. म्हणजे प्रेषितांच्या जाळ्यात प्रत्येक जातीचा मासा आला, एकही जात बाहेर राहिली नाही, आणि तरीही जाळे फाटले नाही. आज आपल्याला माशांच्या हजारो जाती ठाऊक आहेत, आकडा मागे पडला, पण अर्थ मागे पडलेला नाही. प्रभूच्या जाळ्यात सर्व जातींना जागा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच विचार वेगळ्या रीतीने मांडला. परमेश्वराचा चांगुलपणा इतका मोठा आहे, की कोणतीही एक वस्तू तो पुरतेपणी दाखवू शकत नाही. म्हणून त्याने अनेक आणि निरनिराळ्या वस्तू निर्माण केल्या. एकात जे कमी पडते, ते दुसरी भरून काढते. मग एखादी जात नाहीशी होते तेव्हा काय होते? परमेश्वराविषयी सृष्टी जे सांगत होती, त्यातला एक शब्द कायमचा पुसला जातो.

तिवराचे जनुक कोणाचे?

येथे एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या शिकणाऱ्या मुलांसाठी महत्त्वाचा आहे. आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली जैवतंत्रज्ञान शिकत आहेत. त्यांना वाटते, की फादर प्रयोगशाळेच्या विरोधात बोलणार. तसे नाही.

जैवतंत्रज्ञानाने समुद्राकडून मोठे दान घेतले आहे. १९५० च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांवरून पुढे सायटॅराबिन हे औषध तयार झाले. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. झाडांची पाने औषधासाठी, असे यहेज्केल म्हणाला होता. समुद्राच्या तळाशी चिकटलेला एक मुका जीवही औषध होतो. आणखी जवळचे उदाहरण घ्या. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या शास्त्रज्ञांनी तिवराची खारे पाणी सोसण्याची शक्ती देणारी जनुके शोधून भाताच्या रोपात घालून पाहिली. हाच तिवर आपल्या ठाणे खाडीत उभा आहे. समुद्राची पातळी वाढत असताना कोकणातल्या खारजमिनीच्या शेतकऱ्याला अशा संशोधनाचा उपयोग होऊ शकतो. ज्याला आपण जळणाचे लाकूड समजत होतो, त्याच्या पेशीत उद्याच्या भाकरीचा विचार दडलेला आहे.

मग प्रश्न असा, की ते जनुक कोणाचे? १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या देशात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूवर पेटंट देता येते, असा निकाल दिला. तेव्हापासून सजीवावर मालकी सांगण्याचा रस्ता मोकळा झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६२ सागरी जातींच्या सुमारे १३ हजार जनुकक्रमांचा उल्लेख पेटंटांमध्ये आढळला. त्यांतले ४७ टक्के एकाच कंपनीच्या नावावर होते! समुद्र सर्वांचा, आणि त्याची किल्ली एकाच्या खिशात. हळदीचे आठवा. जखमेवर हळद लावणे हे आपल्या आजीचे ज्ञान. त्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले.

म्हणून जगाने काही नियम केले. १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा करार झाला. आपल्या देशाने २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. परदेशी संस्थेला आपली जैवसंपत्ती संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी हवी असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि होणाऱ्या लाभाचा वाटा ती संपत्ती जपणाऱ्या लोकांना मिळावा, असे हा कायदा सांगतो. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र या कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे आर्थिक दंड आणला. दंड हा श्रीमंताला खर्चाचा एक रकाना वाटू नये, याकडे आपले लक्ष हवे. खोल समुद्रात, जिथे कोणत्याही देशाची हद्द नाही, तेथील जीवांच्या लाभवाटपासाठीही २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत करार झाला.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे संतुलित आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जनुकबदल केलेल्या पिकांबद्दल सरसकट 'होय' किंवा सरसकट 'नाही' म्हटले नाही. प्रत्येक गोष्ट तपासावी, ज्यांच्यावर परिणाम होणार त्या शेतकरी-मजुरांना चर्चेत बसवावे, आणि थोड्यांच्या हाती सारे एकवटत नाही ना हे पाहावे, असे त्यांचे सांगणे आहे. त्याच परिपत्रकात कांदळवनांच्या नाशाचाही उल्लेख आहे. रोममधून लिहिताना पोपमहोदयांना आपल्या चिखलाची आठवण राहिली, आणि आपण इथे राहून तो विसरलो.

कांट नावाच्या तत्त्ववेत्त्याने म्हटले, की ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. त्याने हे माणसाविषयी म्हटले. परंतु हजारो वर्षांत घडलेली एक जात संपली, तर तिच्या जागी आपण काय ठेवणार? प्रयोगशाळा जनुकाची नक्कल करू शकेल, पण निर्माण करणाऱ्याने ते जिथे ठेवले ते खाजण परत आणू शकणार नाही.

"तुमची नोकरी जात नाही, फादर"

प्रिय बंधुभगिनींनो, इथपर्यंत बोलणे सोपे आहे. आता अवघड भाग.

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मिस्सानंतर आम्हांला भेटायला आला. हे पापनिवेदन नव्हते. त्याच्या परवानगीनेच आणि ओळख न देता आम्ही हे लिहीत आहोत. तो टँकरवर काम करी. रात्री अमुक ठिकाणी वळव, नळी सोड आणि परत ये, असे त्याला सांगितले जाई. टँकरमध्ये काय आहे ते त्याला ठाऊक नसे, पण हाताची कातडी जळली म्हणजे समजे. तो म्हणाला, "फादर, मी नाही सोडले तर दुसरा सोडेल. माझी नोकरी जाईल आणि नदी तशीच राहील."

आम्ही त्याला उत्तर दिले. विवेकबुद्धी, सामाजिक पाप, सत्कर्माचे फळ. उत्तर चुकीचे नव्हते. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरोबर आहे, फादर. पण तुमची नोकरी जात नाही." आणि नमस्कार करून निघून गेला.

पुढे आम्हांला कळले, की त्याने ते काम नाकारले. महिन्याच्या आत त्याला घरी बसवले. चार महिने तो बेकार होता. त्याच्या पत्नीने पोळ्या लाटून घर चालवले. त्या चार महिन्यांत तो प्रत्येक रविवारी मिस्साला येत होता, आणि आम्ही दारात उभे राहून त्याच्याशी हस्तांदोलन करत होतो. एकदाही आम्ही विचारले नाही, की तुझे कसे चालले आहे. प्रवचन देऊन आमचे काम संपले होते. त्याला आता दुसरीकडे काम मिळाले आहे, पगार कमी आहे. परंतु वालधुनीसाठी या धर्मग्रामातून जर कोणी किंमत मोजली असेल, तर ती त्याने मोजली, आम्ही नव्हे.

दुसरी कबुली. एका वर्षी आपल्या सणाच्या जेवणानंतर थर्माकोलच्या पत्रावळ्या गोण्या भरून मागच्या नाल्यात टाकलेल्या सापडल्या. आम्ही लगेच म्हणालो, "कंत्राटदाराने टाकल्या." परंतु स्वस्त पडतात म्हणून थर्माकोल घ्या, हा शब्द आमचा होता. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. म्हणजे जी गोष्ट सुवार्तेने आम्हांला शिकवायला हवी होती, ती सरकारच्या अधिसूचनेने शिकवली.

त्याचबरोबर हेही विसरू नये. उल्हासनगरमध्ये जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांवर कारवाई झाली तेव्हा नदीला थोडा श्वास मिळाला, पण अनेक घरांतली चूलही थंडावली. नदी स्वच्छ करण्याचा सारा खर्च जर मजुरानेच सोसायचा असेल, तर तो न्याय नव्हे. गरिबाची हाक आणि धरणीची हाक एकच आहे. एक ऐकून दुसरीला कान बंद करता येत नाहीत.

आपण काय करू या?

समुद्र रविवार येतो तो मासेमारी बंदीच्या काळात. जून-जुलैमध्ये माशांच्या प्रजननासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. कोळी बांधव नुकसान सोसून समुद्राला विसावा देतात, हा त्यांचा शब्बाथच म्हणावा. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तो त्याची संख्या घटत चालली म्हणून. आपणही आपल्या वाट्याचा शब्बाथ पाळू या.

पहिली गोष्ट. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. आपल्या एका बाजूला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर महापालिका. आपल्या युवक संघाने दोन्हीकडे जाऊन नोंदवही पाहायला मागावी, आणि वालधुनीकाठच्या ज्येष्ठांना विचारून या नदीत पूर्वी कोणते मासे मिळत, काठी कोणती झाडे होती, ते लिहून द्यावे. जे लिहिलेले नाही, ते हरवले तरी कोणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट. नदीत रसायन सोडताना दिसले, तर एकट्याने तक्रार करू नये. धर्मग्राम परिषदेकडे यावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पत्र परिषदेच्या नावाने जाईल, आणि पहिली सही आमची असेल.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. विवेकाला स्मरून चुकीचे काम नाकारल्यामुळे ज्याची रोजी जाईल, त्याच्या घरी तीन महिने धान्य आणि मुलांची फी पोहोचवण्याची जबाबदारी संत व्हिन्सेंट डी पॉल संघाने घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही परिषदेपुढे ठेवत आहोत. तो माणूस कोणत्या धर्माचा आहे, हे विचारले जाऊ नये. या निधीत पहिली भर म्हणून आमच्या सणाच्या भेटींची रक्कम आम्ही देत आहोत. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "तुमची नोकरी जात नाही, फादर," तर आम्हांला निदान इतके म्हणता यावे: "खरे आहे, बाळा. पण तुझी गेली, तर तू एकटा नाहीस."

आणि त्या आजींना उत्तर. आजी, स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरूने तुमच्या कपाळावर जे पाणी ओतले, ते कुठल्या तरी विहिरीचे, कुठल्या तरी नदीचे होते. तेही एक दिवस समुद्रातून वाफ होऊन वर गेले होते आणि पाऊस होऊन तुमच्या जालन्यावर पडले होते. तुम्ही समुद्र चौपाटीवर पाहिला असेल. पण समुद्राने तुम्हांला तुमच्या स्नानसंस्काराच्या दिवशीच पाहिले आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू पाण्यावर चाललास आणि कोळ्यांबरोबर मासे भाजून जेवलास. आमच्या मोरीपासून तुझ्या समुद्रापर्यंतच्या वाटेवर आमच्या हातून जे विष गेले, त्याची आम्हांला क्षमा कर. शास्त्रज्ञांना नम्रता दे, कायदे करणाऱ्यांना न्यायबुद्धी दे, खलाशांना सुखरूप घरी आण, आणि चुकीला 'नाही' म्हणणाऱ्याच्या घरी भाकरी पोहोचवण्याची बुद्धी आम्हांला दे. वालधुनी पुन्हा वाहू दे, आणि खाजण खारेच राहू दे. आमेन.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.

— आपले प्रमुख धर्मगुरू